मैदान आणि पंगत

खेळ माणसांना जोडतो, हे वचन आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याची पारख करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यात संध्याकाळी मुले गट पाडून खेळताना दिसली की आम्हालाही ते पटते. परंतु एकत्र खेळणे म्हणजे एक होणे काय?

या प्रश्नाचा विचार करताना बाळू पालवणकर यांचे चरित्र आमच्यासमोर उभे राहते. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखीत. तेथे इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकता टाकता त्यांचा डावखुरा हात तयार झाला. हिंदूंच्या संघाला त्या हाताची गरज भासली आणि बाळू संघात आले. मैदानावर चामड्याचा एकच चेंडू साऱ्यांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी चौरंगी सामन्यांसाठी संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला.

कोणी म्हणेल, हा बदल खेळानेच घडविला. त्यात तथ्य आहे. पुढे पंगतीतील अंतरही कमी झाले. पण त्या आदराची किंमत बळी घेऊन मोजावी लागली, हे विसरता येत नाही. ज्याला चेंडू टाकता येत नव्हता, त्या चर्मकार बांधवाचे काय? गुणांमुळे मिळालेला मान हा गुणांचा मान होय. माणसाचा मान त्याच्या निर्मितीतच आहे. देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात घडविले आहे. तो मिळवावा लागत नाही, म्हणून तो नाकारण्याचा अधिकारही कोणाला नाही.

अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीय बांधवांसह जेवत असे. काही मंडळी येताच तो पंगतीतून दूर झाला आणि संत पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले. पेत्राची श्रद्धा ढळली नव्हती. त्याला लोकांचे भय वाटले होते. पंगतीतील पाप पुष्कळदा द्वेषातून नव्हे, या भयातूनच जन्म घेते. म्हणूनच ते सज्जनांच्या घरीही सहज शिरते.

आपण दर रविवारी एका रांगेत उभे राहून एकच परमप्रसाद स्वीकारतो. मिस्सा आटोपून घरी परतल्यावर सोयरिकीची बोलणी निघतात आणि मूळ जातीची चौकशी हळूच होते. वेदीपुढील रांग हे आपले मैदान ठरले आणि घरातील पंगत वेगळीच राहिली, तर पौलाचे शब्द आपल्यालाही लागू पडतात. मुलांना एकत्र खेळू देणे सोपे आहे. खेळून झाल्यावर त्यांतील प्रत्येकाला आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याच पेल्यातून पाणी मिळते का, याची झडती प्रत्येक कुटुंबाने स्वतःच घ्यावी.