थांबण्याची जागा

गाडी चालवण्याची परीक्षा ही चालवण्याची परीक्षा असते, अशी आमची आजवर समजूत होती. आमच्या नातीने ती मोडली. तिने वडोदऱ्यात परवाना काढला होता. पुढे नोकरीनिमित्त ती इंग्लंडात गेली. तिथे राहायला गेलेल्याचा भारतीय परवाना बारा महिनेच चालतो, म्हणून तिला पुन्हा परीक्षेला बसावे लागले. सुटीत घरी आली तेव्हा म्हणाली, "आजोबा, चालवणं दोन्हीकडे सारखंच. थांबणं मात्र मला तिकडे नव्यानं शिकावं लागलं."

तिने सांगितले ते असे. इथे तिने परीक्षा दिली ती आखलेल्या मार्गावर. चौकट रंगवलेली, कडेला सेन्सर, वर कॅमेरे. खांबाला न लागता गाडी चौकटीत बसवली की झाले. तिथे सुमारे चाळीस मिनिटे चालू रहदारीत गाडी हाकावी लागते, आणि मध्येच परीक्षक म्हणतो, सोयीची जागा पाहून डावीकडे थांबा. कोणती जागा, हे तो सांगत नाही. कोणाच्या फाटकासमोर थांबलात, वळणावर थांबलात, तर ती चूक. डिसेंबर २०१७ पासून उजव्या कडेला थांबवून, दोन गाड्यांच्या लांबीइतके मागे येऊन, पुन्हा रहदारीत मिसळायलाही सांगू शकतात. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ. गंभीर चूक एकच पुरते.

ऐकताना आम्हांस वाटले, हा प्रश्न कौशल्याचा राहिला नाही. रंगवलेल्या चौकटीत गाडी बसवणे हे कसब आहे. त्या चौकटीमागे कोणाचे दार नसते, कोणी आजारी नसते. रस्त्यावरची जागा निवडणे हा मात्र नीतीचा व्यवहार. चालती गाडी चारचौघांबरोबर चालते; थांबलेली गाडी सर्वांच्या रस्त्याचा एक तुकडा आपल्या नावे करून घेते, आणि तोही कोणाला न विचारता. आपला कायदा याबाबत मुका आहे असे नव्हे. वाहनचालनाच्या २०१७ च्या नियमांत चौक, वळण, पदपथ, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचे प्रवेशद्वार अशी न थांबण्याच्या जागांची यादीच आहे. यादी चांगली आहे.

आम्ही परीक्षा दिली १९७८ साली. निरीक्षकांनी थांबण्याची खूण करताच खिडकीबाहेर उजवा हात काढून कोपरापासून ताठ उभा धरला, आणि इतक्या अलगद थांबलो की त्यांनी मान डोलावली. तो हात आम्हांला अजून आठवतो. म्हणूनच पुढची गोष्ट सांगणे भाग आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी, श्रावणात, दांडिया बाजारात एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. एका बोळाच्या तोंडाशी गाडी लावली. पाच मिनिटांचे काम. अर्धा तास झाला. परतलो तेव्हा दोन तरुण एका वृद्ध बाईंना खुर्चीवर बसवून आमच्या गाडीच्या बाजूने तिरके होत बाहेर काढत होते. रिक्षा आत येऊ शकली नव्हती. कोणी रागावले नाही. एकजण एवढेच म्हणाला, "काका, जरा तो आरसा दुमडता?" आम्ही दुमडला. त्या बाईंचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस ना त्या दिवशी झाले, ना नंतर.

महाविद्यालयात आम्ही वर्षानुवर्षे प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधली गायजीसच्या अंगठीची कथा शिकवली. अंगठी फिरवली की मेंढपाळ अदृश्य होतो; मग तो न्यायाने वागेल का? उभी करून ठेवलेली गाडी ही तशीच एक अंगठी आहे, हे शिकवताना कधी सुचले नाही. चालकाला निदान चेहरा असतो. गाडी लावून निघून गेलेल्याला तोही नाही. कृत्य रस्त्यात आडवे, कर्ता प्रसादाच्या पंगतीत.

यावर ॲरिस्टॉटलचे उत्तर तयार असते: न्याय्य कृती करत गेल्यानेच माणूस न्यायी होतो, तेव्हा परीक्षेपुरते का होईना, नीट थांबायला लावा, सवय लागेल. आम्हांस सवय लागली नाही. कारण १९७८ मध्ये आमची नजर निरीक्षकांच्या मानेवर होती, रस्त्याच्या कडेवर नव्हती. मर्जी राखण्याचा सराव झाला. पुढे मर्जी राखायला कोणी उरले नाही. मग तिथल्या परीक्षेत तरी वेगळे काय घडते? नातीला तसे विचारले. ती म्हणाली, शिकवणाऱ्या बाई प्रत्येक वेळी थांबल्यावर, इंजिन बंद करण्यापूर्वी, एकच गोष्ट मोठ्याने बोलायला लावत: आता इथून कोणाला जायचे असेल? परीक्षेत हे कोणी विचारत नाही.

आमच्या शहराची अडचण निराळी आहे, हे मान्य. मांडवीच्या चार दरवाजांतली वस्ती मोटारीच्या आधीची. तिथे योग्य जागा पुष्कळदा नसतेच. पण जागा नाही एवढ्याने गाडी दुसऱ्याच्या दारात लावण्याचा अधिकार कसा उत्पन्न होतो, हे आम्हांला कोणी पटवून दिलेले नाही. आम्हीही स्वतःला पटवून देऊ शकलो नाही.

जाण्यापूर्वी नातीने आम्हांला दांडिया बाजारात नेले. दोन मोकळ्या जागा सोडून तिने गाडी फार लांब लावली. आम्ही गुडघ्यांच्या नावाने कुरकुर करीत चाललो. तो बोळ वाटेतच लागला. तिला आम्ही काही सांगितले नाही.