माळ्यावरचा गुंड कुणाचा?

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड, शेंदुरजनाघाट, जरूड या भागातल्या जुन्या घराचा माळा उघडला की आत काय असतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पितळेचे गुंड, घंगाळ, तांब्याचा बंब, पायली आणि कुडव, जात्याची एकटी तळी, तडकलेल्या कॅरेटांची चळत, बंद पडलेले फवारणी पंप, आणि लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत घडीतच राहून गेलेली लुगडी. मुलं शिकून पुण्याला किंवा नागपूरला स्थिरावली, घरात दोन म्हातारे जीव उरले, अडगळ मात्र तीन पिढ्यांची. ती आवरायला घेतली की जो पेच पडतो तो आपण जागेचा समजतो, फार तर वेळेचा. माझ्या मते तो धर्माचा पेच आहे. जी वस्तू मी वापरत नाही ती कुलुपात ठेवण्याचा मला हक्क आहे का?

जैन विचारात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या मोजणीवर केलेली नाही, वस्तूंवरच्या ममत्वावर केली आहे. साधूनं सारं सोडायचं. गृहस्थाला मात्र परिग्रह-परिमाणाचं अणुव्रत सांगितलं आहे. किती ठेवायचं ही मर्यादा त्यानं स्वतः आधी आखायची आणि मग ती पाळायची. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रं लिहिताना गांधीजींनी अपरिग्रहाची सांगड अस्तेयाशी घातली: गरज नसलेली वस्तू जवळ ठेवणं हेही चोरीच्याच जातीचं. ऐकायला हे फार कठोर वाटतं. पण पेटीतल्या पाच घोंगड्या आणि पौषातल्या थंडीत बागेत संत्री तोडायला आलेला, पोत्यावर निजणारा मजूर एकाच गावात असतील, तर त्या शब्दातला कठोरपणा अनाठायी म्हणता येत नाही. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे जगून दाखवलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. त्यांच्या हातून धर्मशाळा, घाट, पाठशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांतली एकही वास्तू त्यांनी स्वतःची किंवा नातलगांची होऊ दिली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबांपाशी काहीच नव्हतं असं आपण कौतुकानं म्हणतो. खरं पाहता त्यांच्या हातात पुष्कळ आलं, ते तिथं थांबलं नाही.

आवराआवरीचा एक जपानी मार्ग अलीकडे जगभर गाजला. मारी कोंडो सांगतात की वस्तू हातात घ्या, तिच्यानं मन प्रसन्न होतं का पाहा. होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. आभार मानण्याची कल्पना सुंदर आहे. पण ही सगळी कसोटी माझ्या आनंदाभोवतीच फिरते. वस्तू दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची आहे, हा प्रश्न तिथं शेवटी येतो किंवा येतच नाही. शिवाय रिकामी झालेली जागा बाजार लगेच भरून टाकतो. आपल्याकडची बोहारीणही जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं देऊनच जाते, आणि घरातली वस्तू काही कमी होत नाही. परिमाणाचं व्रत याहून शहाणं आहे, कारण ते दारातून आत येणाऱ्या वस्तूलाही अडवतं.

यावर शेतकरी कुटुंबाचा आक्षेप असा की हा पोटभरल्यांचा विचार झाला. पाण्यासाठी जिथं बोअर खोल खोल न्यावी लागते, एका गारपिटीत आंबिया बहार जमिनीवर येतो, तिथं माणूस जपून ठेवणारच. तांब्यापितळेची भांडी ही तर आयाबायांची ठेव होती. नड आली की मोडायची. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नडीसाठी ठेवणं ही लालसा नाही, आणि तिला व्रतात जागा आहे. पण प्रत्यक्षात ती भांडी नडीलाही मोडली जात नाहीत. सावकाराचं व्याज भरलं जातं आणि गुंड माळ्यावर काळा पडत राहतो. ज्या ठेवीला हात लावायचाच नाही ती ठेव कसली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जपून ठेवलं म्हणून तर वारसा वाचला. त्याचा पुरावा वऱ्हाडातच आहे. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांनी शेकडो वर्षं हस्तलिखितं सांभाळली, म्हणून पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांच्या काळात कारंजाच्या ग्रंथमालेतून छापलं गेलं आणि अपभ्रंश साहित्याचं एक दालन उघडलं. अपरिग्रह शिकवणाऱ्या धर्माच्या घरी एवढा संग्रह कसा? पोथ्या लिहवून घेऊन त्या मुनींना, मंदिरांना अर्पण करण्याला जैन परंपरेत शास्त्रदान म्हणतात, आणि अशी भांडारं या दानावरच वाढली. म्हणजे जे टिकलं ते घराबाहेर दिलेलं टिकलं. घरी राहिलेल्या किती पोथ्या वाळवीच्या पोटात गेल्या असतील! आपल्या माळ्यावरही कुणाची जुनी वही, मोडीतले कागद, कीर्तनाची बाडं असतील तर ती रद्दीत घालू नयेत आणि घरातही कोंडू नयेत. ग्रंथालयाला द्यावीत.

खरी अडचण मात्र आठवणींची आहे. आईचं लुगडं द्यायचं म्हणजे आईलाच घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. हे दुःख खोटं नाही आणि त्याला मोह म्हणून झिडकारणं निर्दयपणाचं होईल. वरूडच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथं, सर्वसंगपरित्याग शिकवणाऱ्या महानुभाव पंथात, स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे ईश्वरस्मरणाचे आधार मानले जातात. प्रसाद म्हणजे अवतारांच्या संबंधानं पावन झालेली वस्तू. पंथानं अशा वस्तू जपल्या, पण त्या निनावी पडू दिल्या नाहीत. त्यांना नमस्कार होतो, त्यांची लीळा सांगितली जाते. त्याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या, म्हणजे दिल्लीच्या सुलतानी फौजेच्या, धाडीत गेली, आणि परंपरा सांगते की पंथातल्याच हिराइसेच्या मुखपाठातून ते पुन्हा उभं राहिलं. पोथी गेली तरी सांगणारी होती. उलट आपल्या घरातल्या गुंडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, साल असतं, आणि तो आहेर कुणी, कुणाच्या लग्नात दिला हे घरात एकालाही सांगता येत नाही. अशा गुंडानं कुणाची आठवण राखली? ज्या वस्तूची गोष्ट नातवंडांना सांगितली जाते ती खुशाल ठेवावी. अशा वस्तू मूठभरच निघतात. उरलेल्या वस्तू कुणीतरी दिल्या म्हणूनच घरात आल्या होत्या, आणि दिल्या म्हणूनच त्या पुढे जाव्यात.

यात काही दुखणार नाही असं मी म्हणत नाही. संत्र्याच्या झाडाची सल काढताना नुसती वाळकी काडी तोडून भागत नाही. बोटभर हिरवा भागही सोबत कापावा लागतो आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावावं लागतं. घरातही थोडं जिवंत कापलं जाणारच. म्हणून हे काम मुलांनी चार दिवसांच्या सुटीत येऊन, भंगारवाल्याला बोलावून उरकू नये. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मी बाहेर काढतात, नवी केरसुणी पुजतात. यंदा त्याच्या आठवडाभर आधी माळा उतरवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सतरंजीवर बसवा, एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या, ती कुठून आली ते विचारा आणि लिहून घ्या. मग ती कुणाला द्यायची हे त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यांच्याच हातानं देऊ द्या.