शब्द आपला, प्राण दुसऱ्याचा

दिलेला शब्द मनुष्याने पाळावा, हे सर्वांस मान्य आहे. शब्द मोडणाऱ्याची चारचौघांत पत राहत नाही. आणि देवापुढे उच्चारलेला शब्द तर अधिकच बंधनकारक होय. परंतु शब्द एकाने द्यावा आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरावी, असा प्रसंग आला असता धर्म कोणता? शास्त्यांच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायातील इफ्ताहाच्या कथेने हा प्रश्न कित्येक शतके विचारी लोकांपुढे ठेवला आहे. या कथेवर रचलेला एक प्रसिद्ध ऑरेटोरिओ इंग्लंडातील आमच्या मुक्कामात एका संगीतसभेत ऐकण्याचा योग आम्हांस आला. त्यावरून जे विचार सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऑरेटोरिओ म्हणजे शास्त्रातील एखादी कथा काही गायकांनी व मोठ्या गायकवृंदाने वाद्यांच्या साथीवर गाऊन सांगावयाची. नाटकातले वेष व पडदे तीत नसतात. ज्यांनी ख्रिस्ती कीर्तन ऐकले आहे त्यांस याची थोडीफार कल्पना येईल. येथे कीर्तनकाराचे काम अनेक कंठ वाटून घेतात, इतकेच. हा ऑरेटोरिओ जर्मनीत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेल्या हँडेल या संगीतकाराचा आहे. त्याची पदे टॉमस मॉरेल नावाच्या एका पाळकाने लिहिली, आणि तो प्रथम २६ फेब्रुवारी १७५२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात गाण्यात आला.

कथा वाचकांस ठाऊकच आहे. भावांनी घराबाहेर घालविलेल्या इफ्ताहास गिलादचे वडील संकटकाळी परत बोलावितात. अम्मोन्यांवर जय मिळाला तर परत येताना घराच्या दारातून जे कोणी प्रथम सामोरे येईल ते परमेश्वराला अर्पण करीन, असा नवस तो बोलतो. जय मिळतो, आणि त्याची एकुलती एक कन्या डफ वाजवीत, नाचत सामोरी येते.

ऑरेटोरिओच्या दुसऱ्या भागात येथेच एक चौघांचे गीत आहे. आई, मुलीचा वाग्दत्त वर आणि चुलता ही तिघे तिच्या प्राणांसाठी विनवीत आहेत, आणि बाप नाही म्हणत आहे. बोलताना एकामागून एकाने बोलावे लागते; गाण्यात चौघांचे एकाच वेळी ऐकू येते. म्हणून त्या गीतात विनवणीही थांबत नाही आणि नकारही थांबत नाही. सभागृहात कोणी खोकतही नव्हते. मात्र एक गोष्ट आमच्या मनास लागली. जिच्याविषयी हे सारे चालले आहे ती त्या गीतात नाही. बापाने तिला आधीच दूर जावयास सांगितले आहे. ती मागाहून येते, आणि येते ती आपली संमती घेऊनच.

त्यानंतर गायकवृंद एक गंभीर गीत गातो. देवाचे ठराव मनुष्याच्या दृष्टीस अंधकारमय आहेत, तथापि जे घडते ते योग्यच मानून नमावे, असा त्याचा आशय आहे. हे गीत रचीत असता, १३ फेब्रुवारी १७५१ रोजी, हँडेलास लेखणी खाली ठेवावी लागली. डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्यामुळे पुढे लिहवत नाही, अशी नोंद त्याने त्याच हस्तलिखितावर केली. तो तेव्हा सहासष्टाव्या वर्षात होता. थांबत थांबत त्याने ऑगस्टअखेर ते काम पुरे केले. पुढे दोन वर्षांच्या आतच तो अंध झाला. हे ठाऊक असून ते गीत ऐकणाऱ्याचे मन हेलावल्यावाचून राहत नाही.

परंतु मन हेलावले म्हणून विचार सोडता येत नाही. हँडेलाचे अंधत्व त्याने मागितले नव्हते, कोणी मनुष्याने त्याच्यावर लादले नव्हते. त्याने नम्रपणे मान लवविली असेल तर ती भक्ती होय. त्या मुलीवर आलेला काळोख मात्र निराळा होता. तो देवाचा ठराव नव्हता. अब्राहामाप्रमाणे इफ्ताहास कोणतीही आज्ञा झाली नव्हती. नवस त्याचा, शब्द त्याचा, हट्टही त्याचा. देवाने जे पाठविले ते सोसावे. पण आपण जे केले ते देवाच्या नावावर घालून दुसऱ्यास सोसावयास सांगणे, ही श्रद्धा नव्हे.

मॉरेलसाहेबांस हा शेवट सोसवला नसावा. त्यांनी तिसऱ्या भागात एक देवदूत आणला आहे. तो वध थांबवितो, आणि मुलीने आजन्म अविवाहित राहून देवाची सेवा करावी असे सांगतो. याला पूर्वीच्या विद्वानांचा काही आधार आहे. दावीद किम्ही या मध्ययुगीन यहूदी भाष्यकारानेही मूळ इब्री शब्दांवरून ती मारली गेली नाही असाच अर्थ काढला होता. उलट हँडेलापूर्वी सुमारे शंभर वर्षे रोम येथे कारिस्सीमी याने याच कथेवर जो ऑरेटोरिओ रचला, त्यात देवदूत नाही. तो मुलीच्या व तिच्या सख्यांच्या विलापाने संपतो. देवदूत आला म्हणजे ऐकणाऱ्यास हायसे वाटते, हे आम्ही नाकारीत नाही. पण शास्त्याच्या पुस्तकात तो आलेला नाही.

त्याची गरजही नव्हती. मुलाबाळांचे बळी देऊ नयेत, असे नियमशास्त्राने स्पष्ट बजाविले होते. नवसाने वाहिलेल्या मनुष्यास रुपे देऊन सोडविण्याची सोय लेवीयच्या २७ व्या अध्यायात आहे. पाच ते वीस वर्षांच्या मुलीचे मोल तेथे दहा शेकेल सांगितले आहे. मग हे कोणी बोलले का नाही? प्राचीन यहूदी गुरूंनी याचे मोठे मार्मिक उत्तर दिले आहे. ते म्हणत की, फिनहास याजक त्यास नवसातून मोकळे करू शकला असता. परंतु मी महायाजक, मी त्याच्याकडे का जावे, असे याजक म्हणाला. आणि मी सेनापती, मी त्याच्याकडे का जावे, असे इफ्ताह म्हणाला. दोघांच्या मानापमानात मुलगी गेली.

वाचकहो, आपल्या गावांत कोणी वेदीवर मुलगी ठेवीत नाही. पण दोन घरचे वडील बसून सोयरीक ठरवितात, मुलीस कोणी विचारीत नाही, पुढे वर व्यसनी आहे असे कळते, आई पदराने डोळे पुसते, आणि बाप म्हणतो, “आता शब्द गेला आहे.” हे चौघांचे गीत आपण सर्वांनी ऐकले आहे. मंडळीचे वडीलही तेथे असतात. विचारावयास कोणी आले नाही म्हणून तेही गप्प बसतात.

मग दिलेल्या शब्दास काहीच किंमत नाही काय? आहे, आणि मोठी आहे. पंधराव्या स्तोत्रात, वाहिलेली शपथ तोट्याची झाली तरी ती न मोडणाऱ्याची वाखाणणी आहे. पण तो तोटा त्याचा स्वतःचा आहे. शब्दापायी आपले शेत गेले, पैसा गेला, तर जाऊ द्यावे. पण जे आपले नाही ते देण्याचा शब्द मुळात आपल्याला देताच येत नाही. असा शब्द तोंडून गेला असेल तर चारचौघांत उभे राहून तो परत घ्यावा, दंड भरावा, लोकांचे हसू सोसावे. इफ्ताहास इतकेच करावयाचे होते. रणात जो भ्याला नाही, त्याला हे एवढे धैर्य झाले नाही.