वीस सात आणि एकोणतीस

देहूत मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुळशीच्या माळा, बुक्का, टाळ मांडलेलं एक दुकान. गिऱ्हाईक पैसे मोबाइलवरून देतं, पण बेरीज अजून खोक्याच्या पुठ्ठ्यावरच होते. "सत्तावीस अन् पस्तीस, बासष्ट," दुकानदार म्हणतो. शेजारचा लगेच टोला हाणतो, "काका, वीस सात अन् तीस पाच म्हणा आता!"

टोला जुना, जून 2019चा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं आणि विनोदांना ऊत आला. जुनी नावं काढलेली नव्हती, हे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी सांगून पाहिलं. कोण ऐकतो!

खिल्ली उडवणाऱ्यांचा मुद्दा एकच: आम्ही शिकलोच ना? शिकले ते बोलतात. 'सत्तावीस' ऐकून आधी सात, मग दोन लिहिणारं आणि 72 वर मार खाणारं पोर वादात उतरत नाही. शिवाय तोंडी बेरीज मनात कशी होते? वीस नि तीस पन्नास, सात नि पाच बारा, म्हणजे बासष्ट. पाठांतराचा अभिमान असलेलेही मनातल्या मनात वीस सातच म्हणत असतात. शाळा कागदावर बेरीज उजवीकडून करते ती हातच्यासाठी. 1150च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. अट एवढीच, की अंक आपापल्या स्थानी मिळवायचे.

हिशेबावरून देहूतच भांडावं हेही गमतीचं. तुकोबांचं घर वाण्याचं, सावकारीचं. कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण परंपरा सांगते की त्याआधी अर्धी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. आधी चोख भागाकार, मग आपल्या वाट्याचं पाणी!

तर वीस सातची बाजू पक्की झाली म्हणावं, तोच पुठ्ठ्यावर 29 आणि 39 येतात. वीस नऊ, तीस नऊ म्हटलं की पन्नास, वर अठरा, मग हातच्याची ओढाताण. एकोणतीस म्हणजे मात्र एक कमी तीस. एकोणचाळीस, एक कमी चाळीस. इथे जुनं नावच वाट दाखवतं. नव्व्याण्णवला तेवढी ही सोय नाही. त्याला कोणी एकोणशंभर म्हणत नाही.

दुकानदार हातचा मांडतच नाही. "सत्तरला दोन कमी," असं पुटपुटत तो पुठ्ठ्यावर 68 लिहितो आणि माळ कागदात गुंडाळू लागतो.