फळी, तराफा आणि सावित्रीचं पाणी

महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघालेली सावित्री पोलादपूरला येते तेव्हा तेराशे मीटरांच्या आसपास उंची मागे टाकून आलेली असते. तिथे ती दगडगोट्यांची नदी आहे. पावसाळ्यात तिच्यात होडी घालणं म्हणजे जिवावर उदार होणं, आणि उन्हाळ्यात होडी तरंगेल इतकं पाणीच नसतं. महाडला गांधारी येऊन मिळते, पात्र पसरतं, समुद्राची भरती इथवर चढते. या टप्प्यात हातभर पाण्यातही चालेल अशी रुंद, सपाट बुडाची होडी हवी. दासगावच्या खाली खाडी मोठी होते, आणि बाणकोटला समुद्रच समोर येतो. तिथे लाट कापायला उंच नाळ लागते आणि वाऱ्यात बाजूला ढकललं जाऊ नये म्हणून पाण्यात खोल शिरणारं बूड. चांगली होडी कोणती, असं इथल्या जाणत्याला विचारलं तर तो आधी एवढंच विचारेल: कुठल्या पाण्यात घालणार?

होडीच्या बाबतीत हा प्रतिप्रश्न कुणालाच खटकत नाही. पण धर्मग्रंथ, रूढी, विधी किंवा साधना यांच्याबद्दल तो कुणी विचारला की माणसं अस्वस्थ होतात. ग्रंथ चांगला असेल तर तो सर्व काळी, सर्वांसाठी चांगलाच असला पाहिजे, असं मनात घट्ट बसलेलं असतं. चांगलेपणा वस्तूच्या अंगात असतो, की वस्तू आणि पाणी एकमेकांना भेटतात तेव्हा तो उभा राहतो? जुनाच प्रश्न आहे, पण तो तपासायला एक नवं आणि उघडं उदाहरण हाताशी आहे: समुद्राच्या लाटेवर उभं राहण्यासाठी बनवलेली सर्फिंगची फळी. तिला शीड नाही, वल्हं नाही, इंजिन नाही. आकार सोडला तर तिच्याकडे दुसरं काहीच नाही.

लांब, जाड फळी पाण्यावर चांगली तरंगते, हातांनी वल्हवताना लवकर वेग घेते आणि लाट फुटायच्या आधीच तिच्यावर स्वार होता येतं. मंद, लोळत येणाऱ्या लाटेवर तिच्यासारखी फळी नाही. पण तीच फळी उभ्या, पोकळ लाटेवर नेली तर ती वळत नाही आणि तिचं नाक पाण्यात घुसून स्वार फेकला जातो. म्हणून उभ्या लाटेच्या फळीला नाकाकडे वर उचललेला बाक देतात; त्याला कारागीर ‘रॉकर’ म्हणतात. बाक वाढवला की फळी वळायला हलकी होते, पण सरळ धावताना पाणी ढकलत राहते आणि वेग घटतो. कड गोल ठेवली तर पाणी तिला बिलगून वर चढतं आणि फळी लाटेला धरून राहते. शेपटीकडे कड धारदार केली तर पाणी तिथून सुटतं आणि फळी धावते. एक गुण कमावताना दुसरा थोडा सोडावाच लागतो. म्हणून सगळ्या लाटांवर सर्वांत चांगली ठरेल अशी एकही फळी आजवर बनलेली नाही.

मग ‘चांगलेपणा’ फळीत नेमका कुठे आहे? नाकात, कडेत, शेपटीत, की तळाच्या फिनमध्ये, म्हणजे उभ्या पात्यात? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला त्याच्या रथाबद्दल हेच विचारतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की हे सगळं एका विशिष्ट तऱ्हेने एकत्र आलं की त्याला आपण रथ म्हणतो. फळीमुळे हा विचार आणखी एक पाऊल पुढे जातो. सगळे भाग नीट जुळले तरी फळी वाळूवर पडून असेल तेव्हा ती चांगलीही नसते आणि वाईटही नसते. तिचा गुण ठरायला लाट यावी लागते.

हवाई बेटांचा इतिहास इथे फार बोलका आहे. तिथल्या जुन्या समाजात ‘ओलो’ नावाची लांबलचक फळी फक्त सरदारांची. विलीविली या हलक्या लाकडाची, दोन्ही अंगांनी फुगीर. एकोणिसाव्या शतकातला सरदार अबनर पाकी याच्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. लांबी सोळा फुटांच्या आसपास, वजन सुमारे दीडशे पौंड. सामान्य माणसाला ‘अलाया’ मिळे: आखूड, पातळ, तळाला फिन नसलेली लाकडी फळी. कुणी कोणती फळी घ्यायची हे ‘कापू’ या धार्मिक निषेधांच्या व्यवस्थेतून ठरत असे. स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही, केळं आणि डुकराचं मांस खायचं नाही, हेही त्याच व्यवस्थेतलं.

पण लाट हुद्दा पाहत नाही. ओलो न फुटलेल्या, संथ लाटेवर राजेशाही थाटात चाले. उभ्या, फुटत्या लाटेवर मात्र प्रजेची अलायाच जास्त कामाची. या शतकाच्या पहिल्या दशकात टॉम वेगेनर या फळी-कारागिराने ऑस्ट्रेलियात अलाया पुन्हा घडवली, तेव्हा तिचा वेग पाहून आजचे पट्टीचे स्वारही चकित झाले. ज्या फळीला समाजाने खालचा दर्जा दिला होता, तिच्या आकारात केवढं ज्ञान साठलं होतं, ते पाण्यानेच दाखवून दिलं. कापूची व्यवस्था मोडली १८१९ साली, आणि तीही एका पंगतीत. राजा कामेहामेहा दुसरा सर्वांदेखत स्त्रियांच्या पानावर जाऊन जेवला. महाडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. चांगलेपणा पाण्यावर अवलंबून असेल तर मग सगळंच सापेक्ष झालं. ज्याला जे भावेल ते त्याच्यासाठी चांगलं. धर्माच्या क्षेत्रात ही भीती खरी आहे, कारण या वाटेने गेलं की कुणीही कशाचंही समर्थन करू शकेल.

पण फळी नेमकं उलट सांगते. पाण्याशी नातं म्हणजे मनमानी नव्हे. चुकीचा बाक दिलेली फळी कारागिराच्या मताला न जुमानता नाक खुपसते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बॉब सिमन्सने वेगवान नौकांच्या बुडाचं शास्त्र अभ्यासून फळीचे नवे आकार काढले, तेव्हा त्याला कुणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागली नाही. सायमन अँडरसनने तीन सारख्या फिनची फळी घेऊन १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा मोठाल्या लाटांमध्ये जिंकली, आणि काही वर्षांतच स्पर्धेतल्या बहुतेक फळ्यांना तीन फिन आले. अशी परीक्षा व्यक्तीच्या आवडीनिवडीपेक्षा कितीतरी कठोर असते. वंश, वय, प्रतिष्ठा, मालकाचं नाव, यातलं काहीही लाटेपुढे चालत नाही.

रायगड जिल्ह्याने हे १६७९ सालीच पाहिलं आहे. शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांकडे त्यांच्या तोडीची मोठी जहाजं नव्हती. होती ती कमी पाण्यात चालणारी, शीड आणि वल्हं दोन्हींवर पळणारी लहान गलबतं. इंग्रजांची भारी जहाजं वारा पडला की जागीच खिळत आणि उथळ पाण्यात शिरू शकत नसत. ही गलबतं रात्रीच्या अंधारात किनाऱ्यालगत सरकत बेटावर सामान पोचवत राहिली. अखेर इंग्रजांनी नाद सोडला. भर समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या सफरीला इंग्रजी जहाजच सरस होतं, हेही तितकंच खरं. लढाई खांदेरीच्या पाण्यात होती.

तरीही साधनाबद्दल माणसाला पूज्यभाव का वाटतो? हवाईत फळीसाठी झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्याशी ‘कुमू’ नावाचा तांबडा मासा ठेवून प्रार्थना करत. लाटेवरून परतल्यावर फळी वाळवून, खोबरेल चोळून, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होडी लोटत नाही. हा भाव खोटा नाही आणि भाबडाही नाही. जी वस्तू उद्या पुन्हा आपल्याला पाण्यावर तोलून धरणार आहे, तिच्यापुढे हात जोडताना माणूस पाण्याचं मोठेपण आणि स्वतःचं लहानपण दोन्ही मान्य करत असतो.

महाडजवळच्या गांधारपाल्याच्या डोंगरात सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. समोर गांधारी आणि सावित्रीचं खोरं पसरलेलं, खाडीतून येणारा व्यापार पायथ्याशी. अशा जागी राहणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेत बुद्धांचा एक दृष्टान्त चालत आलेला आहे. वाटेत मोठं पाणी लागलेला प्रवासी गवत, काटक्या, फांद्या गोळा करून तराफा बांधतो आणि हातापायांनी पाणी मारत पलीकडे जातो. आता याचे उपकार फार झाले, म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर ते शहाणपण होईल का? नाही, असं बुद्ध सांगतात. त्याने तराफा काठावर ओढून ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि पुढे जावं. माझा धर्मही असाच, तरून जाण्यासाठी. धरून बसण्यासाठी नव्हे. तराफ्याचा दृष्टान्त ज्या सुत्तात येतो, त्याच सुत्तात सापाचाही आहे: शिकवण भलतीकडून धरली तर ती धरणाऱ्यालाच डसते.

या दृष्टान्तात कारागिरीची उपेक्षा नाही, हे बारकाईने पाहायला हवं. तराफा ढिला बांधला असता तर माणूस मधेच बुडाला असता. बांधताना पुरती निष्ठा हवी आणि पार झाल्यावर पुरता मोकळेपणा हवा. दुसरं पहिल्यापेक्षा फार अवघड आहे. आणि बुद्धांनी दिलेल्या दोन पर्यायांपैकी काठावर ओढून ठेवण्याचा पर्याय अधिक दयाळू वाटतो. मागून कुणीतरी येणार असतं.

डिसेंबर १९२७ मध्ये हा विचार महाडच्या मातीत प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अस्पृश्यांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालचा, पण तो कागदावरच होता. मार्चच्या त्या दिवशी सभेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, पुढे पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून निघताना बाबासाहेबांनी धरमतरचा नेहमीचा मार्ग टाळला आणि ‘पद्मावती’ बोटीने ते दासगावला उतरले. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तरी तिथून महाड पायी गाठता येत होतं.

२५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तो राग होताच, पण त्यामागे एक कसोटीही होती. ग्रंथ किती जुना, कुणाच्या नावाचा, याला तिथे किंमत नव्हती. जे पाण्यात ढकलले गेले त्यांची साक्ष घेतली गेली. जो तराफा काहींना बसवतो आणि बाकीच्यांना बुडवतो, त्याचं वय सांगून काय उपयोग? आणि याच परिषदेत दुसरी, तितकीच मोठी गोष्ट घडली. तळ्याचं प्रकरण न्यायालयात गेलं होतं, तात्पुरता मनाई हुकूम निघाला होता. जमलेले हजारो लोक सत्याग्रहाला, तुरुंगालाही तयार होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला. ज्या रूपाने मार्चमध्ये इतिहास घडवला होता, ते रूप पाणी बदललेलं पाहून त्यांनी बाजूला ठेवलं आणि न्यायालयाची वाट धरली. स्वतःच्याच यशस्वी साधनाला चिकटून न राहण्याचं असं धैर्य विरळा.

तळ्याला विरोध करणाऱ्यांची सारी भिस्त होती प्राचीन रूढीवर: अनादि काळापासून हे असंच चालत आलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. रूढी अनादि असल्याचं विरोधकांना सिद्ध करता आलं नव्हतं, आणि चवदार तळ्याचा खटला बाबासाहेबांनी जिंकला.

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडमध्ये माणसांचा पूर येतो. त्यांनी चवदार तळ्यावरून निघताना गांधारपाल्याच्या लेण्यांच्या पायऱ्याही चढाव्यात, आणि जमलं तर तराफ्याचा दृष्टान्त सांगणारं मज्झिमनिकायातलं बाविसावं सुत्त वाचून यावं.