नक्षीचे सातत्य

फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांतील चित्रांत वस्त्रांना मोठे स्थान आहे. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांची लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात घडली. त्यांतील चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे, हंसांची नक्षी असलेले कापड आणि अंग दिसेल इतके तलम पदर रंगवले आहेत. छतांवर कमळे, वेली, हंस आणि हत्ती आहेत. आजचे विणकर आणि चित्रकार हीच नक्षी पैठणीच्या पदरावर व हिमरूच्या शालीवर नव्याने मांडतात. त्यातून एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो : नव्याने विणलेली नक्षी जुनीच असते की वेगळी?

बौद्ध विचारात हा प्रश्न माणसाच्या संदर्भात येतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद राजा नागसेन भिक्षूला विचारतो, की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा? नागसेन दोन्ही पर्याय नाकारतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एक नसते. तरीही त्या दोन निराळ्या दिव्यांच्या नसतात. एक क्षण दुसऱ्याला कारण होतो. सातत्य टिकते ते या कारणसाखळीमुळे. त्यासाठी आत कोणतेही न बदलणारे तत्त्व असावे लागत नाही.

नक्षीलाही हे लागू पडते. चित्रकार रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्यातील चित्रांच्या केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांकडून 1872 ते 1885 या काळात नव्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांपैकीही अनेक 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. उरलेल्या प्रतिकृतींवर आधारित ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला आणि नक्षी पुढच्या चित्रकारांपर्यंत पोहोचली. नाशिवंत वस्तूंमधूनच परंपरा पुढे गेली.

पैठणीची परंपरा वेगळ्या वाटेने येते. तिचे रंगीत धागे लहान कांड्यांवरून हाताने एकमेकांत गुंतवले जातात, म्हणून नक्षी उलट बाजूनेही जवळपास तशीच दिसते. हे कौशल्य गुरूकडून शिष्याकडे, मागावर बसूनच जाते. अजिंठ्याचे कमळ पैठणीवर येते तेव्हा पाहण्याची एक परंपरा आणि हाताची दुसरी परंपरा एकत्र येतात. बौद्ध विचारातील प्रतीत्यसमुत्पादाच्या सिद्धान्तानुसार कोणतीही गोष्ट अशीच अनेक कारणांच्या मेळातून उत्पन्न होते.

म्हणून नव्या रचनेची कसोटी केवळ जुन्या आकाराशी साम्य ही नव्हे. यंत्राने छापलेल्या कमळात आकार हुबेहूब असू शकतो, पण विणण्याची साखळी तिथे तुटलेली असते. रंग आणि मांडणी बदलणारा, तरीही माग जाणणारा विणकर मात्र परंपरेतच उभा असतो. परंपरा जपायची असेल, तर नमुन्यांच्या आधी विणणारे हात जपले पाहिजेत.