भयपटात रक्त किती दाखवावे?

पिलाताने येशूला फटके मारविले, ही गोष्ट संत योहान एका लहानशा वाक्यात सांगून पुढे जातात. संत मार्क तर क्रुसावर देण्याचा प्रसंगही दोन-चार शब्दांत उरकतात आणि लगेच सैनिकांनी कपडे वाटून घेतल्याचे सांगतात. मराठीत आपण 'क्रुसावर खिळले' असे म्हणतो म्हणून खिळे डोळ्यांपुढे उभे राहतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ क्रुसावर देणे एवढाच आहे. शुभवर्तमानांत खिळ्यांचे नाव निघते ते पुनरुत्थानानंतर, संत थॉमसच्या तोंडी.

२००४ साली मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा चित्रपट आला. योहानांचे ते एक वाक्य त्यात कितीतरी मिनिटे चालते, आणि एकेक फटका आपल्याला पाहावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पुढे सीडीवर पाहिला असेल. कुणाला त्यानंतर क्रुसाची वाट अधिक मनापासून करता आली, तर कुणी अर्ध्यातूनच उठले. गिब्सन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांना क्रूस म्हणजे काय हे वर्णन करून सांगावे लागत नव्हते, कारण रोमी राज्यात ती शिक्षा उघड्यावर, लोकांच्या देखत दिली जाई. आपल्या गळ्यात मात्र क्रूस सोन्याचा असतो.

हाच प्रश्न भयपटांच्या बाबतीत घरोघरी उभा आहे. पूर्वी तालुक्याच्या गावी जाऊन तिकीट काढावे लागे आणि दारावरचा माणूस लहान मुलाला परत पाठवू शकत असे. आता मोबाईलला तो दारवान नाही. मग आईवडील विचारतात, 'फादर, किती चालेल?' (भयपटवाल्यांना आपली दफनभूमी आणि फादरांच्या हातातला क्रूस फार आवडतो, म्हणूनही कदाचित हा प्रश्न आपल्याकडे येत असावा.)

याचे नेहमीचे उत्तर असे की, जो चित्रपट न दाखवता घाबरवतो तो चांगला आणि जो सगळे दाखवतो तो वाईट. त्यात तथ्य आहे. रामसे बंधूंनी 'दो गज ज़मीन के नीचे' हा १९७२ सालचा चित्रपट आपल्या शेजारच्या महाबळेश्वरात चित्रित केला होता. त्यांची भुते समोर येऊन उभी राहत, आणि आज ती पाहून मुले हसतात. याउलट आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या 'सायको'तला न्हाणीघरातला खून जेमतेम पाऊण मिनिटाचा आहे. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, आणि रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले होते. तरी लोक अजून दचकतात. हिचकॉक लंडनमध्ये जेजुइट धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेले कॅथलिक होते. त्या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ती बाई चोरलेले पैसे परत करायचे ठरवून अंघोळीला गेलेली असते. आपण तोवर तिच्याबरोबर चाललेलो असतो, म्हणून तिचे मरण आपल्याला लागते.

म्हणजे किती रक्त दिसले यापेक्षा, ते वाहत असताना आपण कुणाच्या बाजूला बसलो होतो हे आधी पाहायला हवे. 'सॉ' नावाची चित्रपटमालिकाही २००४ सालीच सुरू झाली. तिच्यात माणसांना सापळ्यांत अडकवलेले असते आणि पुढचा सापळा कसा असेल याची प्रेक्षक वाट पाहतो. त्यातले निम्मे रक्त पुसून टाकले तरी ते वाट पाहणे तसेच राहील.

संत ऑगस्टीन यांनी आपला मित्र अलिपियस याची हकीगत लिहून ठेवली आहे. मित्रांनी त्याला रोममध्ये ओढून नेले, तलवारीने माणसे मारण्याचा खेळ पाहायला. तो डोळे मिटून बसला. गर्दीचा आरोळा कानावर आला तेव्हा त्याने डोळे उघडले, आणि मग त्याला तिथून उठवेना. पुढे तो खेळांना इतरांनाही घेऊन जाऊ लागला. हाच अलिपियस नंतर बिशप झाला. त्याने काही पाहिलेले नसतानाच त्याचे मन तिकडे गेले होते, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते. फक्त कल्पनेवर सोडले म्हणून मन स्वच्छ राहतेच असे नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. वाईटाचे चित्रण करूच नये असे तो म्हणत नाही. त्यातून माणूस अधिक कळू शकतो, मात्र त्याला नीतीची मर्यादा हवी, असे म्हणतो. कशेडी घाटापलीकडच्या तुंबाड गावाचे नाव घेऊन २०१८ साली जो 'तुंबाड' आला, तो मला या कसोटीला उतरणारा वाटतो. त्यात किळसवाणे बरेच आहे. पण खरी भीती वाटते ती बाप आपल्या लहान मुलाला त्या विहिरीत उतरायचे शिकवतो तेव्हा, आणि त्या शिकवण्यात रक्ताचा थेंबही नाही. लोभाविरुद्धचा धडा आहे म्हणून तो मुलांना दाखवावा, असे कुणी म्हणेल. मी दाखवणार नाही. सेन्सॉर मंडळाने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिले आहे ते योग्यच आहे. २०२३ च्या कायद्याने 'यूए' गटातही सात, तेरा आणि सोळा अशा पायऱ्या केल्या आहेत. मोबाईलवरच्या चित्रपटाच्या सुरुवातीला असा आकडा येतो, तेवढा तरी वाचावा. सोळा वर्षांच्या मुलाबरोबर मात्र एखादा भयपट शेवटपर्यंत बसून पाहावा आणि मारणाऱ्याच्या हुशारीचे त्याला कौतुक वाटले का, हे मोकळेपणाने विचारावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल वाहून गेला, २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस कोसळली, २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली. त्या दिवसांत चिखलातून माणसे काढणारे, नदीकाठी वाट पाहत उभे राहिलेले लोक आपल्याच तालुक्यांत राहतात. त्यांच्या कल्पनेवर काही सोडायचे उरलेले नाही. अशा एखाद्याच्या भिंतीला भिंत लागून आपले घर असेल, तर जुलैच्या पावसात रात्री किंकाळ्यांचा चित्रपट लावताना आवाज अगदी कमी ठेवावा, किंवा त्या रात्री तो लावूच नये.